रापण ओढणारा माणूस कागदावर कसा उभा करायचा

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांतल्या स्मरणचित्रामुळे आपल्याकडे बहुतेकांच्या हातात एक ठरावीक माणूस बसलेला असतो. पाठमोरा, हात अंगाला चिकटलेले, पाय खांबासारखे. जत्रेत तोच, बाजारात तोच, एसटी स्टँडवरही तोच. परीक्षेपुरता तो निभावतो. एखाद्या गोष्टीतलं पात्र काढायला बसलं की मात्र तो आडवा येतो, आणि मग त्याच्यावर 6बी पेन्सिल घासून जीव आणायचा प्रयत्न होतो. पण मुळात माप चुकलेलं असलं तर शेडिंगने ती चूक जास्तच उठून दिसते. म्हणून आधी नीट बघणं, मग माप, मग छाया, आणि मधूनमधून दुसऱ्याची नजर, हा क्रम सोडू नका.

इथे एकच पात्र धरू: किनाऱ्यावर रापणीचा, म्हणजे समुद्रात टाकून किनाऱ्यावरून ओढून घेतात त्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणारा माणूस. मालवण-वेंगुर्ल्याकडे पावसाळा सरला की अशी माणसं डोळ्यांसमोर असतात. शिवाय या पोझमध्ये नवशिक्याच्या जवळजवळ सगळ्या चुका उघड्या पडतात.

रेफरन्स कसा घ्यायचा

नेटवरचा एखादा फोटो उचलण्यापेक्षा स्वतः काढलेला फोटो बरा, कारण उजेड कुठून येत होता हे आपल्याला ठाऊक असतं. परवानगी विचारा, ओढ चालू असताना मध्ये येऊ नका, दोरापासून लांब राहा. फोन छातीच्या नव्हे, बेंबीच्या उंचीवर धरा आणि दहा-बारा फुटांवरून दुप्पट झूम करून फोटो घ्या. चार फुटांवर उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. तसं चित्र काढलं की बघणाऱ्याला खटकतं, आणि दोष आपल्या हातावर जातो. खरं तर तो फार जवळून आणि वरून फोटो काढल्याचा दोष असतो.

वेळ महत्त्वाची. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी साडेचारनंतर ऊन समुद्राकडून येतं. समुद्राकडे तोंड करून मागे झुकून ओढणाऱ्याला बाजूने बघा: छाती, पोट, मांड्यांचा पुढचा भाग उजळ, पाठ अंधारात. उजेड आणि छाया यांची हद्द अंगावरून एका सलग रेषेत उतरते, शिकायला याहून सोपं काही नाही. सकाळी ऊन माडांच्या बाजूने येतं, तेव्हा पाठ उजळते आणि चेहरा काळवंडतो. भर दुपारी काढलेले फोटो टाळा. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली काळे डाग पडतात आणि बाकी अंग सपाट दिसतं.

एका कोनातून एक फोटो पुरत नाही. बाजूने, तिरक्या समोरून आणि मागून असे तीन, शिवाय मुठींचा एक आणि वाळूत रुतलेल्या पावलांचा एक घ्या. पावलं लपवायला गवत किंवा लाट काढायची सवय सगळ्यांनाच असते. पायाचा फोटो हाताशी असला की ती पळवाट सुटते.

रापण दिसत नसेल तरी अडत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत पडवीत, शेडमध्ये जाळी विणत बसलेली माणसं तास-तास एका बैठकीत असतात. यांच्याइतकं स्थिर आणि फुकट मॉडेल कुठल्या कला महाविद्यालयातही मिळणार नाही. पडवीत उजेडही एकाच बाजूने येतो.

माप

कागद 150 जीएसएमचा कार्ट्रिज, आकार ए4. आकृती 20 सेंटिमीटर उंच धरली तर डोकं साधारण 2.7 सेंटिमीटर, कारण प्रौढ माणूस सुमारे साडेसात डोकी उंच असतो. जांघ साधारण निम्म्या उंचीवर, गुडघा जांघ आणि जमिनीच्या मध्यावर, कोपर कमरेपाशी, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. नवशिके पंजे हमखास लहान काढतात. पाच-सहा वर्षांचं पोर साडेपाच डोक्यांच्या आसपास भरतं. मोठ्या माणसाला नुसता छोटा करून काढलं की पोर बुटक्या म्हाताऱ्यासारखं दिसतं.

ही मापं सरळ उभ्या माणसाची. झुकलेल्यासाठी आधी एकच रेषा काढा, डोक्यापासून टाचेपर्यंत, तीस सेकंदांत. घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा: सरळ उभा माणूस म्हणजे बाराचा काटा, ओढणारा बाराहून अकराकडे किंवा एककडे कललेला. कल ठरला की त्या रेषेवर डोक्याची मापं टाका, मग बरगड्यांचा अंडाकृती पिंजरा आणि कमरेचा ठोकळा.

आता तोल तपासा. शांत उभ्या माणसाच्या गळ्याच्या खोबणीतून ओळंबा सोडला तर तो पावलांच्या मध्ये पडतो. ओढणाऱ्याचा ओळंबा टाचांच्या मागे पडायला हवा. दोर तुटला तर हा माणूस धपकन पाठीवर पडेल, असं वाटलं पाहिजे. ओळंबा पावलांत पडला असेल तर तुमचा माणूस दोर ओढत नाहीये, कपडे वाळत घालायची दोरी धरून उभा आहे.

दोर नेहमी माणसाच्या आधी काढा, पट्टीसारखा सरळ, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग. मुठी त्यावर नंतर बसवा. मुठी आधी काढून मध्ये तुकड्या-तुकड्याने दोर जोडला की तो प्रत्येक मुठीपाशी वाकडा होतो आणि सगळा जोर निघून जातो. मूठ म्हणजे आधी ठोकळा. बोटं शेवटी, आणि तीही चार वेगळ्या भेंडीसारखी नकोत, एका गठ्ठ्यात हवीत. कपड्यांच्या चुण्या ताणाच्या जागेपासून निघतात: काखेतून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे, गुडघ्यातून मांडीकडे. तीन-चार पुरेत. बनियनवर वीस रेघा ओढल्या तर तो चुरगळलेला कागद वाटतो.

छाया

आधी कागदाच्या कडेला दोन-दोन सेंटिमीटरचे पाच चौकोन आखा. पहिला कोरा, शेवटचा 4बीने जितका गडद होईल तितका, मधले तीन समान पायऱ्यांनी. हे पाच वेगळे दिसत नसतील तर आकृतीवर जाऊ नका.

मग डोळे किलकिले करून फोटोकडे बघा. बारकावे विरघळतात आणि उरतात फक्त दोन तुकडे, उजेडाचा आणि अंधाराचा. त्यांची हद्द एचबीने हलकी आखा. अंधाराचा सगळा तुकडा 2बीने एकाच दिशेच्या रेघांनी एकसारखा भरा, डोळा, कान, बगल काहीही वेगळं न काढता. या टप्प्यावर चित्र लांबून ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर हद्द चुकली आहे. पुढे जाऊन उपयोग नाही.

त्यानंतरच 4बी. सर्वांत गडद पट्टा छायेच्या कडेला नसतो, उजेडाच्या हद्दीला लागून आत असतो. कडेजवळ वाळूवरून उसळलेला उजेड येतो: हनुवटीखाली, बरगड्यांच्या खाली, पोटरीच्या मागे. इथेच सगळे घसरतात. हा परतीचा उजेड आवडतो म्हणून तो खोडरबराने पांढरा करतात आणि माणूस स्टीलच्या टाकीसारखा चमकायला लागतो. नियम कडक ठेवा: छायेतला सर्वांत उजळ भागसुद्धा उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच राहील.

कडांकडेही बघा. मांडी गोल, तिथे हद्द मऊ. दंडाची छातीवर पडलेली पडछाया दंडाजवळ धारदार, लांब जाईल तशी मऊ. सगळ्या कडा सारख्या मऊ केल्या की अंग लोण्याचं होतं.

सावळ्या, उन्हाने रापलेल्या कातडीसाठी सगळं अंग काळं करत सुटू नका. उजेडाचा तुकडा एक पायरी खाली आणा, पण घामाची किंवा खाऱ्या पाण्याची चमक लहान, धारदार आणि कोऱ्या कागदाची ठेवा: खांदा, नाकाचा शेंडा, गुडघा. कपड्यावर अशी चमक येत नाही. कातडी आणि बनियन यांतला फरक एवढ्यानेच दिसतो.

बोटाने घासून शेडिंग पसरवायची सवय मोडाच. बोटाचं तेल आणि घाम कागदात मुरतो, डाग पडतो आणि तो खोडला जात नाही. त्यातून आपली हवा. पावसाळ्यात कागद दमट होतो, तंतू फुगतात, ग्रॅफाइट ठिपक्याठिपक्यांनी बसतं आणि खोडताना साल निघते. कोरे कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, मनगटाखाली एक साधा कागद घ्या.

माणसाचं पात्र कसं होतं

हुबेहूब फोटो म्हणजे पात्र नव्हे. पोझ एका फोटोतली, चेहरा दुसऱ्याचा, कपडे तिसऱ्याचे, असं जुळवता येतं. अट एकच, तिन्हींत उजेड एका बाजूने हवा. भर दुपारचा चेहरा संध्याकाळच्या धडावर बसवला की डोकं चिकटवल्यासारखं दिसतं. मग एकच गोष्ट वाढवा. म्हातारा तांडेल (होडीवरचा म्होरक्या) हवा तर मान पुढे, पाठीला बाक, पंजे जरा मोठे, सांधे ठसठशीत. दाढी आणि सुरकुत्या शेवटी, त्याही मोजक्या.

मग तीच आकृती चार सेंटिमीटर उंच काढून पूर्ण काळी भरा. कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासुर शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतो तो काळ्या अंगामुळे आणि लांब लाल जिभेमुळे. तुमच्या काळ्या ठशातून ‘कोण’ आणि ‘काय करतोय’ ही दोन उत्तरं आली नाहीत तर पोझ बदला, चेहऱ्यावर मेहनत घेऊ नका.

कुणाला आणि कसं दाखवायचं

“कसं झालंय?” असं विचारलं की “छान” एवढंच उत्तर येतं. रेफरन्स न दाखवता विचारा: हा माणूस काय करतोय? सगळ्यात आधी नजर कुठे गेली? कुठला अवयव खटकतो? मग फोटो शेजारी ठेवून चित्र काढणाऱ्या कुणाला तरी विचारा: तीन चुका, मोठीपासून छोटीपर्यंत. आणि तिसरा माणूस खुद्द रापण ओढणारा हवा. त्याला शेडिंगशी देणंघेणं नसतं, पण दोर कसा धरतात, टाच कुठे रुतते हे त्याला अंगाने ठाऊक असतं. “ह्येचो हात मोडलो काय रे?” एवढं तो म्हणाला तरी कोपराचा कोन तपासायला घ्या. कारण समजावत बसू नका, लिहून घ्या.

कुणीच नसेल तर चित्र आरशात बघा, किंवा फोनवर फोटो काढून त्याची डावी-उजवी बाजू उलटी करा. एका बाजूला झुकलेले डोळे, लांब पडलेला खांदा लगेच दिसतो.

मूळ चित्रावर खाडाखोड करू नका. वर बटर पेपर ठेवून लाल पेन्सिलीने फक्त सर्वांत मोठी चूक सुधारा, आणि तीच पोझ नव्या कागदावर पुन्हा काढा, वीस मिनिटं लावून. मागे तारीख, लागलेला वेळ आणि सुधारलेली चूक लिहा. पंधरा दिवसांनी तोच फोटो घेऊन तिसऱ्यांदा काढा. दुसरं चित्र तोवर उघडू नका. तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर लाल पेन्सिलीची खूण पुन्हा त्याच जागी करावी लागली, तर पुढचा आठवडाभर नुसती ती जागा, समजा कोपर, रोज दहा वेळा वेगवेगळ्या कोनांतून काढा.