लंडन ते पॅरिस: प्रवासाचा वेळ धरताना या चुका टाळा

युरोपच्या सहलीत लंडन-पॅरिस हा टप्पा जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत असतो, आणि वेळापत्रक कोलमडतं ते बहुधा इथेच.

पहिली गडबड अंतराची. शोधलं की ३४४ किलोमीटर असा आकडा दिसतो, पण ते सरळ रेषेतलं अंतर. रस्त्याने साधारण ४६० किलोमीटर पडतात आणि मध्ये इंग्लिश खाडी आहे. मोटार घेऊन जायचं तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनला ती खाडीखालच्या बोगद्यातल्या शटल रेल्वेवर चढवा (पलीकडे पोचायला ३५ मिनिटं), नाहीतर डोव्हरहून फेरीने दीड तासात फ्रान्सचं कॅले बंदर गाठा. रांगा आणि पासपोर्ट तपासणी धरली तर दिवसातले सहा-सात तास गेलेच समजा. बसला याहून जास्त लागतात.

विमान सव्वा तासाचं, म्हणून तेच लवकर पोचवेल असं वाटतं. तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. स्वस्त तिकीट ‘पॅरिस बोव्हे’चं निघालं, तर तो विमानतळ शहरापासून ८० किलोमीटरहून लांब आहे. शहरातून विमानतळ, तिथली तपासणी आणि पुन्हा विमानतळ ते हॉटेल मिळून पाच तास सहज जातात. माझं मत विचाराल तर कुटुंबासोबत आणि सामानासह जाणाऱ्यांनी रेल्वेच घ्यावी. युरोस्टार ही गाडी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनला साधारण सव्वादोन ते अडीच तासांत नेते, तेही थेट शहरात.

मात्र दादरला धावत लोकल पकडावी तशी ही गाडी पकडता येत नाही. सामानाची तपासणी होते आणि फ्रान्सची पासपोर्ट तपासणीही लंडनच्या स्टेशनातच होते. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी प्रवेश बंद होतो, त्यामुळे निदान दीड तास आधी पोचा.

घड्याळाकडेही लक्ष हवं. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे असतं, उन्हाळा असो वा हिवाळा. सकाळी साडेदहाला निघालेली गाडी पावणेदोनच्या सुमारास पोचते. तिकिटावर सव्वातीन तास दिसले तरी गाडीत बसायचं सव्वादोनच तास. परतताना उलट. दुपारचं बुकिंग करताना हा तास विसरू नका.

पॅरिसहून पुढे स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: तिकडच्या गाड्या गार द ल्योंहून सुटतात, गार द्यु नॉरहून नव्हे. उपनगरी रेल्वेच्या ‘डी’ मार्गाने तिथे थेट जाता येतं, पण बॅगा ओढत, जिने चढत-उतरत जायचं असतं. दोन गाड्यांमध्ये किमान दीड तास ठेवा.

सगळ्यात महाग पडणारी चूक व्हिसाची. फ्रान्स, नेदरलँड्ससारख्या ज्या युरोपीय देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं, त्या शेंगेन क्षेत्रात ब्रिटन नाही. भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडचे वेगळे व्हिसा लागतात. त्यातही क्रम पाहा. आधी पॅरिस, मग लंडन आणि तिथून ॲमस्टरडॅम असा बेत असेल, तर पॅरिस सोडताच एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा संपतो, त्यावर दिवस शिल्लक असले तरी. ॲमस्टरडॅमसाठी अनेकदा प्रवेश देणारा व्हिसा लागेल. तो अर्ज भरतानाच मागा, नाहीतर लंडन सहलीच्या सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा.