पक्ष्यांसाठी बियांपासून कुंती कशी वाढवावी

कुंतीचं झुडूप, म्हणजेच कामिनी, बहुतेक ठिकाणी कुंपण म्हणून सतत कातरलेलं दिसतं. त्यामुळे त्याला टपोरी लाल फळं लागतात हे अनेकांना ठाऊकच नसतं. बुलबुलांना मात्र ती बरोबर सापडतात. या फळांतल्या बियांपासून रोपं सहज होतात, फक्त बी ताजं हवं. सुकलं की त्याची उगवणशक्ती झपाट्याने जाते, म्हणून पाकिटातल्या जुन्या बियांच्या नादी लागू नका.

पूर्ण लाल झालेली, दाबल्यावर मऊ लागणारी फळंच तोडा. एका फळात एक किंवा दोन बिया असतात. फळ चिमटीत दाबलं की बी चिकट गरासकट बाहेर येतं. हा गर राहिला तर उगवण रखडते आणि कुंडीत बुरशी धरते. बियांवर बारीक लव असते आणि गर तिथेच अडकून बसतो. त्यामुळे बिया चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली बुळबुळीतपणा जाईपर्यंत चोळा. मग भांडंभर पाण्यात टाका. तरंगणाऱ्या बिया बहुधा पोकळ असतात, त्या काढून टाका. बाकीच्या तासभर सावलीत निथळू द्या आणि शक्यतो त्याच दिवशी पेरा.

कोकोपीट, चाळलेली माती आणि जाड वाळू समप्रमाणात घ्या. तळाला भोकं असलेल्या ट्रेमध्ये बी 1 सेंमी खोल पेरा. उबदार, उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी ट्रे ठेवा. साधारण तीन ते पाच आठवड्यांत कोंब दिसतात. उशीर झाला तरी माती उकरून बघू नका, कोवळं मूळ मोडतं. खरा धोका जास्त पाण्याचा आहे. कालपर्यंत ताठ असलेलं रोप मातीलगत काळं, बारीक होऊन आडवं पडलं, तर ती रोपं कोलमडण्याची बुरशी समजा. असं रोप लगेच काढा, वारा खेळू द्या आणि वरची माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका.

चार खरी पानं (बीजदलांनंतर येणारी नेहमीची पानं) आली की रोपं 10 सेंमीच्या पिशव्यांत हलवा. ती 25-30 सेंमी उंच झाली की दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी, 45 सेंमी लांब-रुंद-खोल खड्ड्यात कुजलेलं शेणखत मिसळून लावा. फळांसाठी दोन झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुतेक वेळा चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नसतं. अशा वेळी चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोहाचं खत) द्या.

बियांपासूनच्या झाडाला फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यानंतरही फळं आली नाहीत, तर आधी आपली कात्री तपासा. फुलं सुकताच छाटणी केली की धरू पाहणारी फळंही त्याबरोबर जातात. छाटणी पक्ष्यांनी फळं खाऊन संपवल्यावरच करा, तीही एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. फळं असताना कीटकनाशक अजिबात फवारू नका. शेजारी उथळ भांड्यात पाणी ठेवलं तर पक्षी जास्त वेळ थांबतात.

आणखी एक: लिंबू, संत्री, मोसंबीची बाग जवळ असेल, तर कुंती लावूच नका. लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवरही जोमाने वाढते.