तोडलेली स्ट्रॉबेरी बांधावर ठेवू नका : फेब्रुवारी-मार्चसाठी सल्ला

शिवरात्रीनंतर महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर सकाळी गारवा आणि अकरानंतर चटका देणारं ऊन, असे दिवस लागतात. फळ भरपूर असतं, माणसं कमी पडतात, तोडणी दुपारपर्यंत लांबते. याच दिवसांत माल सडल्याची ओरड सुरू होते आणि दोष रोपाला, औषधाला नाहीतर व्यापाऱ्याला दिला जातो. मला मात्र दर हंगामात एकच चित्र दिसतं. तोडलेले क्रेट गाडीची वाट बघत बांधावर उन्हात पडलेले असतात. माल सडतो तो तिथे. मुंबईच्या बाजारात तो फक्त उघड होतो.

झाडावरून सुटलेलं फळ श्वास घेतच राहतं. जितकं गरम, तितकी त्यातली साखर लवकर संपते आणि पाणी उडून जातं. उन्हातलं लाल फळ तर हवेपेक्षाही जास्त तापतं. तसंच तापलेलं फळ पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या प्लॅस्टिक डब्यात, भरून पसरणी घाट उतरवलं की आत वाफ धरते आणि राखाडी बुरशीला रान मोकळं मिळतं. ही बुरशी पुष्कळदा फुलातूनच आत शिरून गप्प बसलेली असते. म्हणून भरताना निरोगी दिसणाऱ्या फळावर दोन दिवसांत करडी लव उगवते.

स्ट्रॉबेरीसाठी शिफारस आहे ० ते १ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता. त्यात फळ पाच ते सात दिवस चांगलं राहतं. तोडल्यापासून तासाभरात ते गार व्हायला लागलं पाहिजे. शीतगृह प्रत्येकाकडे नाही, मान्य. पण सावली तर आहे! आंब्याच्या किंवा जांभळाच्या झाडाखाली, नाहीतर चार बांबूंवर शेडनेट ताणून क्रेट ठेवा. वरून ओलं गोणपाट आडवं टांगा, फळाला मात्र ते टेकू देऊ नका.

थोडा खर्च करायचाच असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, फटीत नदीची वाळू आणि ती सकाळ-संध्याकाळ पाण्याने भिजवायची. वीज लागत नाही. मार्चच्या कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली राहतं. ढगाळ दमट दिवशी त्याचा फारसा उपयोग नाही. गाडी येईपर्यंतचे तीन-चार तास निभावायला तो पुरतो.

दुकानातून ‘फळ टिकतं, चकाकी येते’ म्हणून जी टॉनिकची बाटली गळ्यात मारली जाते, तिच्यावर पैसे घालू नका. तापलेलं फळ कुठल्याही बाटलीने गार होत नाही. बुरशीनाशक घेताना लेबलवर स्ट्रॉबेरीचं नाव आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं हे दोन्ही बघा. हे फळ सालीसकट खाल्लं जातं, पर्यटकांची पोरं तर वाफ्यातच तोंडात टाकतात. फुलकिडे, कोळी या बारीक किडी सुरुवातीलाच दिसल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा. भुरीसाठी (पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी) गंधक मारायचं असेल तर ऊन ३२ अंशांच्या पुढे गेल्यावर मारू नका, पानं करपतात.

तोडणी कधी? बांधावरच्या गवतातून चाललं आणि पाय ओले झाले नाहीत की सुरू करा, दहाच्या आत संपवा. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे. दव असलेलं फळ भरलं तरी सडतंच. लांबच्या बाजाराला तीन चतुर्थांश लाल, जवळ विकायला पूर्ण लाल. आंब्यासारखं हे फळ अढीत पिकत नाही. तोडल्यावर रंग थोडा चढेल, गोडी वाढणार नाही.

अवकाळीचा अंदाज आला तर बाकी सगळी कामं सोडा. आदल्या दिवशीच रंग धरलेलं फळ उतरवा. पावसानंतरची पहिली तोडणी वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी जॅम-पल्पला द्या, पनेटमध्ये मिसळू नका. सडकं फळ वाफ्यांच्या सरीत न टाकता शेताबाहेर नेऊन पुरा. माझा अनुभव असा की दोन दिवस आभाळ आणि वारा बंद राहिला, तर पाऊस न पडताही बुरशी येते. तेव्हाही हेच करा.

बाकीची कामं :
- जुनी, वाळकी पानं काढणे
- नको असलेले रनर (रोपातून जमिनीवर पसरणारे लांब फुटवे) छाटणे
- वाफ्यावर अंथरलेल्या मल्चिंग पेपरवर साचलेलं पाणी झटकणे
- ठिबक सकाळी लवकर चालवणे
- फळ देठाला धरून तोडणे, हिरवी टोपी ठेवणे
- शेतातच प्रतवारी, पुन्हा हाताळणी नाही

रस्त्याकडेला विकणाऱ्या ताई-दादांनी गिऱ्हाइकाला पनेट उलटं करून दाखवावं. तळाला रसाचा डाग नसेल, टोपी हिरवी आणि ताठ असेल, फळाला चमक असेल, तर माल ताजा. टोपी तपकिरी होऊन वळली की शिळा. देठाकडे पांढरं असलेलं फळ घरी नेऊनही गोड होणार नाही, हे सांगून विका. आंबूस वास आला की ते पनेट बाजूला काढा. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते नाव सांगून शिळा माल खपवू नका.

घरी ठेवायची तर आधी धुऊ नका. पसरट डब्यात कोरडं कापड घालून एकाच थरात मांडा, झाकण किंचित उघडं ठेवा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. रोज एकदा बघून बिघडलेलं फळ लगेच काढा. खायच्या वेळी टोपीसकट धुवा, मग टोपी काढा, नाहीतर पाणी आत शिरतं. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या फळाला घाम फुटतो, ते परत आत ठेवू नका, संपवूनच टाका. जास्त असतील तर धुऊन, पुसून, टोपी काढून ताटलीत सुटी गोठवा आणि कडक झाल्यावर पिशवीत भरा. शेकला आणि जॅमला त्या चालतात, नुसत्या खायला मऊ लागतात.