मोर्चाच्या फलकांसाठी देवनागरी फॉन्ट घडवताना

१९६८ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात सफाई कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या हाती ‘आय ॲम अ मॅन’ असे फलक होते आणि त्यातील ‘ॲम’ खाली ठसठशीत रेघ होती. पुढे अमेरिकी फॉन्टकार ट्रे सील्स यांनी त्या संपातील फलकांवरून ‘मार्टिन’ हा फॉन्ट केला. देवनागरीत मात्र तशी रेघ ओढू नये, कारण ती उकार कापत जाते. जोर द्यायचा असेल तर शब्द मोठा करावा किंवा त्याचा रंग बदलावा.

आरंभ वर्णमालेपासून नव्हे, तर घोषणांपासून करावा. जे शब्द फलकांवर येणारच आहेत, ते आधी रुंद ब्रशने कागदावर लिहून पाहावेत. ‘शेतकऱ्यांच्या’ हा एकच शब्द घेतला तरी बरीचशी परीक्षा होते. त्यातील अर्धा ‘र’ फॉन्टमध्ये नसेल, तर शब्द नीट उमटत नाही; आणि त्याजागी रफार आला, तर ‘शेतकर्यांच्या’ असे चुकीचे होते. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला हे सांगायला नको. ठळक वळणात हा अर्धा ‘र’ भरून जाऊन नुसता डाग दिसू लागतो, म्हणून त्याची रेघ इतर रेघांहून बारीक आणि वळण मोकळे ठेवावे. शिरोरेषाही उभ्या दांड्यांपेक्षा थोडी बारीक असावी, म्हणजे ‘ष’, ‘ब’, ‘ळ’ यांच्या पोटात हवा राहते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच काढावेत. हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ फलकावर उपरे वाटतात.

स्टेन्सिलने, म्हणजे अक्षरे कापून काढलेल्या साच्याने, भिंती रंगवायच्या असतील, तर ‘व’ किंवा ‘म’ यांच्या गाठीतला तुकडा गळून पडू नये, यासाठी मध्ये पट्टी राखणारी वेगळी आवृत्ती लागते. हे काम किचकट आहे, पण टाळता येत नाही.

फॉन्ट युनिकोडमध्येच करावा आणि एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोकळा सोडावा, म्हणजे गावोगावच्या कार्यकर्त्यांना परवानगी मागत बसावे लागणार नाही. फ्लेक्स छापणाऱ्याकडे मात्र अक्षरे आकृतीत बदललेली पीडीएफच द्यावी, कारण त्याच्या संगणकावर जोडाक्षरे तुटू शकतात.

शेवटी फलक काठीला बांधून कुणाला तरी रस्त्यापलीकडून चालायला लावावे आणि मजकूर आधी न पाहिलेल्या माणसाकडून तो वाचून घ्यावा. तो जिथे अडखळेल, ते अक्षर पुन्हा काढायला घ्यावे.