या चुका टाळा: अ‍ॅक्सेसची एकच फाईल सगळ्यांनी उघडणे

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या नोंदी ठेवण्याच्या डेटाबेस प्रोग्रामसाठी एका वेळी 255 वापरकर्ते आणि 2 जीबीची फाईल अशा दोन मर्यादा सांगितल्या आहेत. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातील कार्यालयांत पहिला आकडा परवानगी समजला जातो आणि दुसऱ्याकडे कोणी पाहतच नाही. प्रत्यक्षात पंधरा-वीस जण एकदम नोंदी करू लागले की कुरबुर सुरू होते, कारण ज्या संगणकावर फाईल असते तो स्वतः काहीही शोधत नाही, केवळ फाईलचे तुकडे पुरवतो. शोधणे, जुळवणे, बेरीज करणे ही कामे प्रत्येकाच्या टेबलावरील संगणक करतो. त्यामुळे तारखेच्या रकान्याला इंडेक्स (नोंद पटकन सापडण्यासाठीची सूची) नसेल, तर एका दिवसाची बिले काढण्यासाठीही संपूर्ण टेबल केबलमधून वाहत येते. अशा वेळी महागडा सर्व्हर घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

सर्वांत घातक सवय म्हणजे फॉर्म, रिपोर्ट आणि टेबल एकाच फाईलमध्ये ठेवून ती सर्वांनी उघडणे. दिंडोरी रस्त्यावरील एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये ऐन हंगामात हेच चालू होते. त्यात प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल थंड करण्याच्या खोलीत वायफायवर लॅपटॉप घेऊन बसणारा पर्यवेक्षक पॅलेटच्या नोंदी करी. खोलीचे जाड दार लागले की जोडणी तुटे, आणि एके दुपारी नोंद अर्धवट लिहिली गेली असताना ती तुटल्यावर फाईल उघडेनाशी झाली. घाईत एकाने आदल्या रात्रीची प्रत काढून काम पुढे रेटले, तर दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या फाईलमध्ये. संध्याकाळी एकाच क्रमांकाची दोन-दोन पॅलेट निघाली आणि वजनाच्या चिठ्ठ्या हातात धरून ती जुळवावी लागली. नोंदी करणाऱ्याने वायफायवरून या फाईलला हात लावू नये, हे मी तेव्हापासून लेखी देतो.

माझी पद्धत ठरलेली आहे: टेबलांची फाईल शेअर्ड फोल्डरमध्ये, फॉर्म-रिपोर्टची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर, आणि लॉगिन होताच नवी प्रत आणणारी छोटी बॅच फाईल. शिवाय टेबलांच्या फाईलमधील एखाद्या लहान टेबलाला जोडलेला फॉर्म मी लपवून सतत उघडा ठेवतो, म्हणजे फाईल कोण वापरत आहे हे टिपणारी लॉक फाईल वारंवार बनत-पुसत नाही आणि फॉर्म लवकर उघडतात.

टेबलांची फाईल वनड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये कधीही ठेवू नये. बिलांचे फोटो टेबलात कोंबू नयेत, त्यांचा केवळ पत्ता साठवावा. नोंदी पुसल्याने फाईल लहान होत नाही. त्यासाठी कॉम्पॅक्ट करून, म्हणजे रिकामी जागा काढून, ती आवळावी लागते, तेही बॅकअप घेऊन आणि सर्वजण बाहेर पडल्यावर.

उतावळे नवशिके यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस सर्व्हर सुचवतात. सल्ला योग्य आहे. 2022च्या आवृत्तीतही एका डेटाबेसला 10 जीबी मिळतात. मात्र अ‍ॅक्सेसमधील जुन्या क्वेरी (नोंदी शोधण्याच्या आज्ञा) जशाच्या तशा ठेवून फक्त टेबले जोडली आणि अटीत व्हीबीए या अ‍ॅक्सेसच्या प्रोग्रामिंग भाषेत स्वतः लिहिलेले फंक्शन राहू दिले, तर ती अट सर्व्हरला समजत नाही आणि सगळ्या नोंदी पुन्हा वापरणाऱ्याच्या संगणकाकडेच येतात.