इतिहासाचा प्रकल्प कसा करावा: आधी प्रश्न शोधा, मग कात्री-डिंक काढा

मी बरीच वर्षं इतिहास शिकवते आहे आणि दरवर्षी प्रकल्पांच्या वह्यांचा ढीग माझ्या टेबलावर येतो. मुखपृष्ठ झकास असतं, चित्रं रंगीत असतात, अक्षर मोत्यासारखं असतं. मग मी त्या मुलाला जवळ बोलावून विचारते, "हे करताना तुला नवीन काय कळलं?" बहुतेक वेळा मूल गप्प होतं. यात त्याची चूक फारशी नसते. त्याच्या हातात विषय दिलेला असतो, प्रश्न दिलेला नसतो. विषयावर माहिती गोळा करता येते, उत्तर मात्र प्रश्नालाच देता येतं. आठवी-नववी-दहावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून प्रकल्प करण्याची माझी पद्धत इथे सांगते. उदाहरण शेवटपर्यंत बहुतांशी एकच ठेवते: पहिलं महायुद्ध कसं सुरू झालं.

पहिली पायरी: काय विचारलंय ते नीट वाचा

गृहपाठाच्या ओळीतल्या क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारा. "वर्णन करा", "कारणे सांगा", "तुलना करा", "तुमचे मत लिहा" ही चार वेगवेगळी कामं आहेत. तुलना करायला सांगितली असताना दोन्ही गोष्टींची माहिती एकाखाली एक लिहून ठेवणं हा मला सगळ्यात जास्त दिसणारा घोटाळा. तुलनेत प्रत्येक मुद्द्यावर दोन्ही बाजू शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. शब्दमर्यादा आणि द्यायची तारीखही इथेच टिपून घ्या.

दुसरी पायरी: विषयाचा प्रश्न करा

या पायरीवर हवा तेवढा वेळ घालवा, कारण ती जमली की पुढचं काम निम्मं होतं.

"पहिलं महायुद्ध" हा विषय एवढा मोठा आहे की त्यात वीस पानांची वही कुठल्या कुठे बुडून जाईल. तो लहान करत न्या. आधी काळ लहान करा: फक्त १९१४चा उन्हाळा. मग जागा: फक्त युरोपातल्या राजधान्या. मग त्या एवढ्याशा तुकड्याकडे बघून "का" किंवा "कसं" विचारा. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचा वारस फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची हत्या झाली. ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. मधे गेले ३७ दिवस. तर प्रश्न असा: एका हत्येपासून सगळ्या युरोपच्या युद्धापर्यंत पोचायला ३७ दिवस लागले, त्या दिवसांत युद्ध कुठे थांबवता आलं असतं?

आता या प्रश्नाची परीक्षा घ्या. त्याचं उत्तर एका शब्दात किंवा एका सनावळीत देता येतं का? येत असेल तर तो प्रश्नमंजुषेतला प्रश्न झाला, प्रकल्पाचा नव्हे. दोन शहाणी माणसं त्याची दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात का? देऊ शकत असतील तर प्रश्न चांगला आहे. पुरावा तुमच्या हाताला लागेल का? लागणार नसेल तर कितीही सुंदर प्रश्न असला तरी सोडून द्या. दांडीयात्रेवर प्रकल्प असेल तर "दांडीयात्रा केव्हा निघाली?" याला १२ मार्च १९३० एवढं उत्तर पुरतं. "इतके कर असताना मिठावरचाच कर का निवडला?" हा प्रश्न मात्र आठवडाभर पुरेल.

तिसरी पायरी: साधनं जमवा, पण डोळे उघडे ठेवून

पाठ्यपुस्तकात लिखित, भौतिक आणि मौखिक साधनं असं वर्गीकरण असतं. ते परीक्षेपुरतं पाठ करून सोडू नका, इथे वापरा.

सुरुवात पाठ्यपुस्तकातला धडा आणि एखाद्या विश्वकोशातली नोंद यांनी करा. त्यातून घटनांचा सांगाडा मिळतो. विकिपीडियाही चालेल, फक्त लेख संपला की खाली दिलेल्या संदर्भांकडे जा, कारण खरी शिदोरी तिथे असते. एआयला विचारायला माझी हरकत नाही, पण त्याने दिलेली प्रत्येक तारीख, प्रत्येक अवतरण आणि प्रत्येक पुस्तकाचं नाव स्वतः दुसरीकडे तपासून घ्या. ही साधनं अस्तित्वात नसलेलं पुस्तकही ठामपणे सांगून मोकळी होतात.

त्यानंतर निदान एक तरी त्या काळातला कागद वाचा. १९१४च्या जुलै अखेरीस जर्मन कैसर विल्हेल्म आणि रशियाचा झार निकोलस यांनी एकमेकांना तारा पाठवल्या. दोघं नात्यातले, तारा इंग्रजीत, आणि खाली सही "विली" नि "निकी". दोघंही शांतता हवी म्हणतात आणि त्याच दिवसांत दोघांच्याही देशांत सैन्याच्या हालचाली चालू असतात. वर्गात या तारा वाचून दाखवल्या की मुलं एकदम शांत होतात. धड्यातल्या दहा ओळींनी जे होत नाही ते या चार ओळींनी होतं.

पण कागद जुना आहे म्हणून तो खरा, असं मानू नका. युद्ध सुरू झाल्यावर एकेका सरकारने आपापल्या कागदपत्रांचा संग्रह छापला. जर्मनीचं पांढरं पुस्तक, ब्रिटनचं निळं, रशियाचं नारिंगी, फ्रान्सचं पिवळं. कागद निवडून-निवडून घेतलेले, आणि प्रत्येकातून निघणारा अर्थ एकच: दोष आमचा नाही. वर्तमानपत्रांचंही तसंच. १५ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिक बुडाली तेव्हा काही वर्तमानपत्रांनी सगळे प्रवासी वाचल्याची बातमी छापली होती. प्रत्यक्षात १५००च्या आसपास माणसं गेली होती. म्हणून कुठलंही साधन हातात आलं की तीन गोष्टी विचारा: हे कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, आणि लिहिणाऱ्याला तेव्हा नेमकं किती ठाऊक होतं?

फोटोही साधनच आहे, वहीची सजावट नव्हे. बर्लिनमधल्या राइशस्टागच्या (जर्मन संसदेच्या) इमारतीवर सोव्हिएत झेंडा फडकवणारे सैनिक हा फोटो तुम्ही पाहिला असेल. येवगेनी खाल्देई या छायाचित्रकाराने तो २ मे १९४५ रोजी काढला, आणि झेंडा त्याने स्वतःच बरोबर नेला होता. मूळ फोटोत एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती. ती लुटीची वाटतील म्हणून एक खरवडून काढलं, आणि मागचा धूर जास्त गडद केला. हा फोटो वहीत चिकटवून खाली नुसतं "बर्लिनचा पाडाव" लिहिणं आणि ही हकीकत लिहिणं, यात किती फरक आहे ते बघा.

घरातल्या मोठ्यांची मुलाखत घेणार असाल तर "तेव्हा कसं होतं?" असं विचारू नका. त्यावर "फार वेगळं होतं" एवढंच उत्तर मिळतं. "माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी तुम्हाला कुणी सांगितली? तेव्हा तुम्ही कुठे होतात?" असं विचारा. समजा आजोबा म्हणाले की ती २१ जुलै १९६९ची गोष्ट, आणि पुस्तकात २० जुलै आहे. आजोबांची आठवण चुकीची ठरवायची घाई करू नका. आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० तारखेची रात्र होती, आणि जगाच्या बऱ्याच भागात २१ तारीख उजाडली होती. तारखांचा असाच गोंधळ रशियाच्या "ऑक्टोबर क्रांती"त होतो. जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे ती २५ ऑक्टोबर १९१७ला झाली, नव्या दिनदर्शिकेत तो दिवस ७ नोव्हेंबर येतो. दोन पुस्तकांत दोन तारखा सापडल्या की आनंद माना, तुमच्या वहीत एक चांगला परिच्छेद आला.

चौथी पायरी: टिपणं चिठ्ठ्यांवर काढा

पाठकोऱ्या कागदाच्या हाताएवढ्या चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. सगळ्यात वर पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक, आणि तो मुद्दा लिहिण्याआधीच. नंतर लिहू म्हटलं की राहतंच, आणि शेवटच्या रात्री ते पान शोधत बसावं लागतं. मजकूर वाचा, पुस्तक मिटा, मग स्वतःच्या शब्दांत लिहा. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की हात आपोआप नक्कल करतो. एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर ते अवतरण चिन्हांत घ्या.

पाचवी पायरी: कालपट्टी मापात आखा

कालपट्टी बहुतेक मुलं काढतात, पण त्यात सगळ्या घटना सारख्या अंतरावर मांडतात. त्यामुळे तिचा सगळा उपयोगच जातो. माप धरून काढा. आपल्या उदाहरणात एक दिवस म्हणजे एक सेंटिमीटर. ३७ सेंटिमीटरची कागदाची पट्टी घ्या. शून्यावर २८ जूनची हत्या. ७ सेंटिमीटरवर ५ जुलै, जर्मनीने ऑस्ट्रिया-हंगेरीला पाठिंब्याचं आश्वासन दिलं. २५वर २३ जुलै, हत्येबद्दल सर्बियाला जबाबदार धरून ऑस्ट्रिया-हंगेरीने पाठवलेला ४८ तासांचा निर्वाणीचा खलिता. २७वर सर्बियाचं उत्तर, त्यात बहुतेक मागण्या मान्य. ३०वर ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ३२वर रशियाच्या सर्व सैन्याची जमवाजमव. ३४वर जर्मनीचं रशियाविरुद्ध युद्ध, ३६वर फ्रान्सविरुद्ध, आणि ३७वर, जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्यावर, ब्रिटन.

आता पट्टी हातभर लांब धरून बघा. पहिले पंचवीस सेंटिमीटर जवळजवळ कोरे आणि शेवटच्या बारांत सगळी झुंबड. त्या कोऱ्या जागेकडे बघून प्रश्न पडलाच पाहिजे: खलिता पाठवायला इतका उशीर का? शोधलंत की कळतं, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष त्या सुमारास रशियाच्या भेटीवर होते, आणि ते परत निघेपर्यंत व्हिएन्नाने, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सरकारने, खलिता रोखून धरला, म्हणजे रशिया आणि फ्रान्सला एकत्र बसून ठरवता येऊ नये. हे तुम्हाला पट्टीने दाखवलं, कुणी घोकून घेतलं नाही.

सहावी पायरी: कच्चं लेखन

चिठ्ठ्या जमिनीवर पसरा, सारख्या मुद्द्यांचे गट करा. एक गट म्हणजे एक परिच्छेद. पहिल्या वाक्यात तुमचं म्हणणं, मग पुरावा, मग त्या पुराव्यावरून तुमचं म्हणणं कसं ठरतं ते. शेवटचा भाग मुलं हटकून गाळतात. फरक असा दिसतो:

"युवराजाची हत्या झाली आणि त्यामुळे महायुद्ध सुरू झाले."

"हत्येने युद्धाला निमित्त मिळाले, पण ऑस्ट्रिया-हंगेरीने खलिता पाठवण्याआधी २५ दिवस जाऊ दिले आणि त्या काळात जर्मनीचा पाठिंबा मिळवला. म्हणून हा खलिता रागाच्या भरात पाठवला असे म्हणता येत नाही."

दुसऱ्या उताऱ्यात एक माणूस विचार करताना दिसतो. तुमच्याविरुद्ध जाणारा पुरावा सापडला तर लपवू नका, त्यालाही एक परिच्छेद द्या. आणि पुढे काय झालं हे आपल्याला माहीत आहे म्हणून ते तेव्हाच्या लोकांनाही माहीत होतं असं लिहू नका. १९१४ साली सैन्यात भरती होणाऱ्या कुणालाही आपण "पहिल्या" महायुद्धाला चाललोय हे ठाऊक असणं शक्य नव्हतं.

मॉडेल किंवा तक्ता करणार असाल तर

खंदकांचं मॉडेल दरवर्षी येतं, आणि त्यातला खंदक बहुतेक वेळा पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो. पश्चिम आघाडीवरचे खंदक नागमोडी किंवा टप्प्याटप्प्याने वळणारे खणत. सरळ खंदकात शत्रू शिरला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत गोळ्या झाडू शकला असता, आणि एक तोफगोळा आत पडला तर त्याचा मारा दूरपर्यंत गेला असता. वळणांमुळे नुकसान एका भागापुरतं राहत असे. थर्मोकोल कापण्याआधी ही एक गोष्ट कळली की मॉडेल बदलतं, आणि त्याच्याशेजारी लावायच्या चिठ्ठीवर काय लिहायचं तेही आपोआप सुचतं. नकाशा काढणार असाल तर तो त्या वर्षाचा काढा. १९१४च्या युरोपात पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता.

गटात काम असेल तर "तू चित्रं, मी लिखाण" अशी वाटणी करू नका. प्रत्येकाने एक साधन वाचावं आणि बाकीच्यांना सांगावं. पालकांना विनंती एवढीच की हातातली कात्री खाली ठेवा आणि मुलाला "हे तुला कसं कळलं?" असं विचारत राहा.

शेवटचे दोन दिवस

फेअर करण्याआधी कच्चा मसुदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथलं वाक्य बहुधा दुसऱ्याचं असतं. संदर्भसूचीत लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि वर्ष द्या. वेबसाइट असेल तर तिचं नाव आणि पाहिल्याची तारीख. तारखा आणि विशेषनामं चिठ्ठ्यांशी एकदा ताडून बघा. वही दिल्यावरही चिठ्ठ्या फेकू नका, रबर लावून दप्तरात ठेवा. तोंडी परीक्षेत "हे कुठून घेतलंस?" असं विचारलं की चिठ्ठी काढून दाखवता येते, वर पान क्रमांकासकट.