सगळ्यांच्या चाली एकट्याने ठरवू नयेत म्हणून

सगळ्यांनी मिळून जगभर पसरणारे रोग आवरायचा ‘पँडेमिक’ (2008) हा पटावरचा खेळ खेळताना आमच्याकडे हमखास असं व्हायचं: ज्याला खेळ पाठ, तोच सगळ्यांच्या चाली ठरवायचा आणि बाकीचे सांगेल तिथे नुसती सोंगटी सरकवायचे. डाव जिंकायचो, पण तोवर दोघांनी मोबाईल हातात घेतलेला असायचा.

आता आम्ही एकच नियम पाळतो. ज्याची पाळी, तो आधी बोलणार. आपल्या 4 कृती कशा वापरायच्या ते त्याने सांगेपर्यंत इतर गप्प. जाणत्याने ‘अटलांटाला जा’ म्हणण्याऐवजी ‘तुझ्याकडे निळे पत्ते किती?’ एवढंच विचारावं. चूक झाली तर होऊ द्या, डाव हरलात तरी चालेल.

गप्प बसणाऱ्याला ‘अरे, बोल ना’ म्हणून टोचू नका, तो आणखी आक्रसतो. त्यापेक्षा भूमिका वाटताना ‘मेडिक’ मुद्दाम त्यालाच द्या. मेडिक एका कृतीत शहरातले एका रंगाचे सगळे रोगाचे ठोकळे उचलतो. आपल्यामुळे फरक पडला हे पटावर लगेच दिसतं.

एवढं करूनही दादागिरी थांबली नाही, तर ‘हनाबी’ हा असाच मिळून खेळायचा पत्त्यांचा खेळ काढा. त्यात आपले पत्ते आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतात, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याच्या इशाऱ्यावर विसंबावंच लागतं.